पाळी गेल्यानंतर लघवीचा जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होत असेल तर : नमुन्यापासून क्रीमपर्यंत, क्रमाने

पाळी बंद होऊन दोन-चार वर्षे झालेल्या स्त्रीला लघवीला आग होऊ लागली की घरोघरी पुढे काय होणार हे बहुधा ठरलेले असते. आधी "उन्हाळी लागली असेल" म्हणून धने-जिऱ्याचे पाणी आणि सब्जा, दोन दिवसांत उतार पडला नाही की कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून "मागच्या वेळची ती पाच दिवसांची गोळी", आणि महिना-दीड महिन्याने तोच त्रास पुन्हा उद्भवला की मग तपासणी. हा क्रम उलटा आहे. गोळी आधी पोटात गेल्यामुळे कल्चरमध्ये (लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत) जंतू सापडत नाही; आणि जंतू मारण्याच्या धांदलीत त्यांना वाट करून देणारा योनिमार्गाचा कोरडेपणा मात्र तसाच राहतो. पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच पाळावेत, कारण एका टप्प्यात हाती आलेली माहिती पुढच्या टप्प्यात लागते.

कोरडेपणाचा आणि जंतुसंसर्गाचा संबंध असा आहे. इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक पुरेसे असते तोवर योनिमार्गाचे अस्तर जाड व ओलसर राहते, त्यातील ग्लायकोजेनवर लॅक्टोबॅसिलस हे उपकारक जंतू वाढतात आणि ते तयार करीत असलेल्या आम्लामुळे तेथील पीएच (आम्लतेचे मान; ते जितके कमी तितके आम्ल जास्त) ३.८ ते ४.५ च्या आसपास टिकतो. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटते, अस्तर पातळ होते, लॅक्टोबॅसिलस कमी होतात, पीएच ५ च्या वर जातो आणि आतड्यातले ई. कोलाय जंतू योनिमुखाशी ठाण मांडतात. मूत्रमार्गाचे तोंड तेथे अगदी लागूनच असते. ज्यांची गर्भपिशवीसोबत दोन्ही अंडाशयेही चाळिशीतच काढली आहेत, त्यांच्यात हे सारे लवकर आणि एकदम सुरू होते.

ही लक्षणे असतील तर लेख बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे: थंडी वाजून ताप, कमरेच्या वरच्या बाजूला एका कुशीत दुखणे, उलट्या, लघवी अजिबात न होणे, किंवा वयस्कर स्त्रीला ताप येऊन अचानक भ्रम होणे. जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचल्याची ही चिन्हे असू शकतात.

## टप्पा १ : जाण्यापूर्वी एक पान लिहून काढणे

वारंवार होणारा जंतुसंसर्ग म्हणजे सहा महिन्यांत दोन किंवा अधिक वेळा, अथवा वर्षभरात तीन किंवा अधिक वेळा झालेला. डॉक्टरांचे पुढचे निर्णय या मोजणीवर अवलंबून असतात आणि नेमकी तीच सांगता येत नाही. "सारखंच होतं हो" या उत्तराचा उपयोग होत नाही. म्हणून एका पानावर प्रत्येक वेळची तारीख, लक्षणे, तपासणी झाली असल्यास तिचा निकाल, घेतलेल्या औषधाचे नाव व दिवस, आणि आराम किती दिवसांनी पडला हे लिहावे. नाव आठवत नसेल तर रिकामी स्ट्रिप किंवा दुकानाची पावती शोधावी.

त्याच पानावर शेवटची पाळी कधी आली, मधुमेह, मूतखडा, झालेली ऑपरेशने, स्वतःला स्तनाचा कर्करोग झाला होता का, आणि सध्याची सर्व औषधे यांची नोंद करावी. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर ते ठळकपणे लिहावे. या औषधांनी लघवीतून साखर बाहेर पडते, त्यामुळे योनिमुखाशी बुरशीचा संसर्ग होऊ शकतो आणि त्याची आग-खाज लघवीच्या संसर्गासारखी वाटते. ती औषधे आपल्या मनाने बंद मात्र करू नयेत.

## टप्पा २ : आग नेमकी कोणती, हे ओळखणे

सर्वांत जास्त गफलत येथे होते. जंतुसंसर्ग साधारणपणे एक-दोन दिवसांत अचानक सुरू होतो: लघवीला सारखे जावेसे वाटते, गेल्यावर थोडीशीच होते, आतून आग होते, ओटीपोटात दुखते, कधी लघवी लालसर दिसते. कोरडेपणाची आग वेगळी असते. ती आठवडेच्या आठवडे कमी-जास्त होत राहते, लघवी बाहेरच्या त्वचेला लागली की चरचरते, खाज येते, संबंधाच्या वेळी दुखते, आणि पुण्यात तर ती बऱ्याच जणींना प्रथम दुचाकीच्या सीटवर जाणवते: सिंहगड रस्त्यावरून घरी पोहोचेपर्यंत बसवत नाही, पण तपासणीत काहीच निघत नाही. वारंवार लघवीला जावे लागणे हे लक्षण दोन्हींत असते, म्हणून केवळ त्यावरून निदान करू नये.

दोन्ही त्रास एकत्रही असू शकतात. हा फरक डॉक्टरांना स्वतःहून सांगावा, कारण तो विचारला जाईलच असे नाही. संबंधाच्या वेळचे दुखणे सांगताना स्त्रिया अवघडतात, त्यातून सोबत मुलगा किंवा सून असेल तर तो विषय निघतच नाही. त्यांना पाच मिनिटे बाहेर बसायला सांगण्यात काही गैर नाही.

तपासून पाहा: बाहेरच्या भागावर पांढरे चट्टे असून असह्य खाज येत असेल तर तो लायकेन स्क्लेरोसस हा त्वचेचा वेगळा आजार असू शकतो. त्यासाठी प्रत्यक्ष तपासणीच लागते. निव्वळ लक्षणे ऐकून लिहून दिलेल्या औषधावर समाधान मानू नये.

## टप्पा ३ : युरिन कल्चरचा नमुना, अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी

लॅबमध्ये "युरिन" एवढेच सांगितले तर बहुधा रुटीन तपासणी होते. रुटीन आणि कल्चर या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. चिठ्ठीवर "कल्चर अँड सेन्सिटिव्हिटी" लिहिले आहे ना हे पाहून घ्यावे आणि निर्जंतुक डबी लॅबमधूनच आणावी. घरातली औषधाची किंवा मधाची बाटली उकळून घेतली तरी चालत नाही.

नमुना शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीचा, नाहीतर तीन-चार तास लघवी न केल्यानंतरचा घ्यावा. रीत अशी:

1. साबणाने हात धुवावेत. योनिमुखाचा भाग साध्या पाण्याने पुढून मागे धुऊन स्वच्छ कापडाने टिपावा. तेथे डेटॉल किंवा साबण लावू नये.
2. डबीचे झाकण उघडून ते उताणे ठेवावे. डबीच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नये.
3. एका हाताच्या दोन बोटांनी योनिमुखाच्या दोन्ही कडा दूर धराव्यात आणि शेवटपर्यंत तशाच धरून ठेवाव्यात. कोरडेपणात त्वचा एकमेकींना चिकटते, त्यामुळे ही पायरी गाळली की योनिमार्गातल्या पेशी व जंतू डबीत उतरतात आणि रिपोर्ट बिघडतो.
4. पहिली धार सोडून द्यावी, मधली धार डबीत घ्यावी, डबी बाजूला करून उरलेली लघवी पूर्ण करावी.
5. झाकण घट्ट लावून नाव आणि वेळ लिहावी.

नमुना दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोहोचला पाहिजे. तसे शक्य नसेल तर डबी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फ्रीजच्या खालच्या भागात ठेवावी, फ्रीजरमध्ये नव्हे. थंड राहिलेला नमुना चोवीस तासांपर्यंत चालतो. घरी येऊन नमुना नेणारा मुलगा सात वाजता कोथरूडमधून निघून दहा ठिकाणी फिरत अकराला लॅबमध्ये पोहोचणार असेल, आणि तेही एप्रिलच्या उन्हात, तर डबीतले जंतू वाटेतच वाढतात. त्याच्याकडे बर्फाची पेटी आहे का हे विचारावे. नसेल तर स्वतः नेऊन द्यावे.

सावधान: त्रास फार असेल तर नमुना देऊन झाल्यावर, निकालाची वाट न पाहता डॉक्टर औषध सुरू करू शकतात. आधी नमुना आणि मग गोळी, एवढे मात्र पाळावेच.

## टप्पा ४ : रिपोर्ट वाचणे

कल्चरचा निकाल यायला दोन ते तीन दिवस लागतात. त्यात जंतूचे नाव, त्याची संख्या आणि कोणते अँटिबायोटिक लागू पडेल याचा तक्ता असतो. एकाच जंतूची संख्या मिलिलिटरला एक लाख किंवा अधिक असेल तर शंका उरत नाही. लक्षणे स्पष्ट असताना त्याहून कमी संख्याही ग्राह्य धरली जाऊ शकते. "मिक्स्ड ग्रोथ" (अनेक जंतूंची मिश्र वाढ) लिहिले असेल, किंवा सोबतच्या रुटीनमध्ये एपिथेलियल (अस्तराच्या) पेशी भरपूर असतील, तर नमुना घेताना भेसळ झाली असण्याचीच शक्यता अधिक. तो पुन्हा द्यावा, त्यावर औषध घेऊ नये.

आणि "नो ग्रोथ" (जंतू वाढले नाहीत) आला, आग मात्र कायम आहे, तेव्हा काय? अशा वेळी बहुतेक घरांत लॅब बदलली जाते. खरे तर गोळी आधी घेतलेली नसेल आणि नमुना नीट दिला असेल, तर हा निकाल बरेच काही सांगून जातो. आग कोरडेपणाची असण्याची शक्यता त्याने वाढते आणि अशा आगीवर अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग होत नाही. रुटीनमध्ये पस सेल्स (पूपेशी) दिसल्या म्हणून संसर्ग आहेच असेही नाही, कारण योनिमार्गाची सूज असली तरी त्या नमुन्यात येतात.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. कसलाच त्रास नसताना, हेल्थ चेकअपमध्ये सहज केलेल्या तपासणीत जंतू सापडले तर या वयात त्यांवर सहसा उपचार करायचे नसतात. त्याने फायदा होत नाही, उलट औषधांना न जुमानणारे जंतू तेवढे मागे उरतात. म्हणूनच बरे वाटल्यावर "गेलं का ते बघू" म्हणून पुन्हा कल्चर करण्याचीही गरज नसते.

## टप्पा ५ : अँटिबायोटिक, ठरलेले आणि ठरलेल्या दिवसांपुरतेच

मूत्राशयापुरत्या संसर्गासाठी नायट्रोफ्युरँटॉइन साधारण पाच दिवस, किंवा फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची एकच पुडी पाण्यात विरघळवून, अशी औषधे डॉक्टर बहुधा देतात. नायट्रोफ्युरँटॉइन जेवणासोबत घ्यावे. त्याने लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी होते, त्याला घाबरू नये. मूत्रपिंडाचे काम मंदावले असेल तर ते चालत नाही, म्हणून अलीकडचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट जवळ ठेवावा. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्यांना आपल्याकडचे ई. कोलाय मोठ्या प्रमाणावर दाद देत नाहीत आणि उतारवयात त्यांनी स्नायुबंधांनाही इजा होऊ शकते. शेजारणीला लागू पडली म्हणून ती गोळी मागून घेणे बरोबर नाही.

लघवीची आग शमवणारे ते गोडसर, गुलाबी सिरप जवळजवळ प्रत्येक घरात असते. त्याने लघवीतले आम्ल कमी होते आणि तात्पुरता आराम पडतो, पण जंतू मरत नाहीत. शिवाय नायट्रोफ्युरँटॉइन आम्लधर्मी लघवीत अधिक चांगले काम करते, तेव्हा दोन्ही एकत्र घ्यायची का हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

## टप्पा ६ : दुसरी कारणे वगळणे

संसर्ग वारंवार होत असेल तर रक्तातील साखर (तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी धरून) आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर लघवी करून आल्यानंतर मूत्राशयात किती उरते तेही मोजायला सांगितलेले असावे; घाईच्या वेळी नेमके तेच राहून जाते. शंभर-दीडशे मिलिलिटरहून अधिक लघवी सतत मागे राहत असेल तर तीत जंतू वाढत राहतात. अंग बाहेर येणे, जुनाट बद्धकोष्ठता आणि मूतखडा ही त्यामागची किंवा तिच्या जोडीची नेहमीची कारणे होत.

खर्चाचा प्रश्न असेल तर पुणे स्टेशनजवळचे ससून आणि मंगळवार पेठेतले महापालिकेचे कमला नेहरू रुग्णालय येथे स्त्रीरोग विभागाचा केसपेपर काढता येतो. सकाळी लवकर जावे आणि पहिल्या टप्प्यातले पान सोबत न्यावे. गर्दीच्या ओपीडीत मिळणाऱ्या चार मिनिटांत तेच कामी येते.

सावधान: पाळी जाऊन वर्ष उलटल्यानंतर एकदा जरी डाग दिसला तरी तो कोरडेपणाचाच आहे असे गृहीत धरू नये. गर्भपिशवीच्या अस्तराची तपासणी आधी झाली पाहिजे, आणि तोवर पुढच्या टप्प्यातले क्रीम सुरू करू नये. संसर्ग नसताना लघवीतून रक्त गेल्यास युरॉलॉजिस्टना दाखवावे.

## टप्पा ७ : योनिमार्गात लावायचे इस्ट्रोजेन क्रीम

येथवरचे सारे टप्पे या टप्प्यासाठी होते असे म्हटले तरी चालेल. आलेला संसर्ग अँटिबायोटिकने जातो. पुढचा येऊ नये यासाठी अस्तर पूर्ववत व्हावे लागते आणि ते काम हे क्रीम करते. १९९३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, वारंवार संसर्ग होणाऱ्या ९३ स्त्रियांपैकी ज्यांनी इस्ट्रिऑल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) क्रीम लावले त्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा संसर्ग झाला, आणि औषध नसलेले क्रीम लावणाऱ्यांना ५.९ वेळा. पोटात घ्यायच्या इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी मात्र लघवीच्या संसर्गाला आळा बसत नाही.

तरीही हीच चिठ्ठी दुकानापर्यंत पोहोचत नाही, किंवा ट्यूब आणली तर आठवड्याभरात कपाटात जाते. "डॉक्टर, आता या वयात मला हे कशाला?" असे विचारणाऱ्या काकूंना वाटत असते की हे क्रीम फक्त नवरा-बायकोच्या संबंधांसाठी आहे. तसे नाही. संबंध असोत वा नसोत, नवरा हयात असो वा नसो, मूत्रमार्गाच्या संरक्षणासाठी ते तितकेच लागते. दुसरी अडचण ट्यूबसोबतच्या घडीपत्रकाची. त्यातले कर्करोग व पक्षाघाताचे इशारे मुख्यतः पोटात घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्यांवरच्या अभ्यासांतून आलेले आहेत. कमी मात्रेत योनिमार्गात लावलेल्या क्रीममुळे रक्तातील इस्ट्रोजेन पाळी गेलेल्या स्त्रीच्या नेहमीच्या पातळीच्या आसपासच राहते. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्यांनी, विशेषतः लेट्रोझोल किंवा अॅनास्ट्रोझोल चालू असलेल्यांनी, कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय मात्र ते लावू नये.

मात्रा डॉक्टर लिहून देतात. नेहमीची पद्धत पहिले दोन आठवडे रोज रात्री आणि नंतर आठवड्यातून दोनदा अशी असते. लावण्याची रीत:

1. रात्री झोपण्यापूर्वी लघवी करून, हात धुऊन घ्यावेत.
2. ट्यूबच्या तोंडावर अॅप्लिकेटर फिरवून बसवावा आणि खुणेच्या रेषेपर्यंतच क्रीम भरावे. पूर्ण नळी भरणे ही नेहमीची चूक. सांगितलेली मात्रा तिच्या तळाशी थोडीशीच दिसते.
3. पाठीवर निजून, गुडघे दुमडून, अॅप्लिकेटर कंबरेच्या दिशेने हळूच आत सरकवावा आणि दट्ट्या दाबावा. जोर करू नये. दुखले तर तेथेच थांबून क्रीम सोडावे.
4. मूत्रमार्गाच्या तोंडाभोवती आणि योनिमुखाच्या आतल्या कडेला बोटाच्या टोकाने क्रीमचा पातळ थर लावावा. हीच पायरी बहुतेकींना कोणी सांगितलेली नसते.
5. अॅप्लिकेटर कोमट पाण्याने व साबणाने धुवावा; उकळत्या पाण्यात टाकू नये.

अॅप्लिकेटरची भीती वाटत असेल किंवा संधिवाताने बोटे वळत नसतील, तर सांगितलेली मात्रा थेट बोटाने लावली तरी चालते का ते विचारून घ्यावे, बहुधा चालते. सुरुवातीचे काही दिवस थोडे चरचरते, कारण अस्तर पातळ झालेले असते. ही अॅलर्जी असेलच असे नाही. आग असह्य झाली किंवा सूज आली तर थांबून कळवावे. संबंधाच्या लगेच आधी क्रीम लावू नये. त्यासाठी वेगळे, पाण्यावर आधारित वंगण मिळते.

फरक पडायला सहा ते बारा आठवडे लागतात. त्या काळात एखादा संसर्ग झालाच तर क्रीम निरुपयोगी ठरले असे मानू नये. पुन्हा नमुना द्यावा, संसर्गाचे औषध घ्यावे आणि क्रीम चालूच ठेवावे. आठवड्यातल्या दोन रात्री विसरल्या जातात, म्हणून त्या ठरवून टाकाव्यात. सोमवार आणि गुरुवार ठरवून कालनिर्णयावर खूण केली की चुकत नाही. ज्यांना इस्ट्रोजेन चालत नाही त्यांच्यासाठी हायल्युरॉनिक अॅसिडचे जेल आहे. आठवड्यातून दोन-तीनदा लावल्यास कोरडेपणाचा त्रास त्याने कमी होतो, पण संसर्ग रोखण्याच्या बाबतीत ते क्रीमची जागा घेत नाही.

## टप्पा ८ : सवयी

यांवर फार बोलले जाते, आणि "स्वच्छता पाळत नसाल" असा ठपकाही बाईवरच येतो. वास्तविक, अति धुणे हीच येथे मोठी चूक आहे. सुगंधी इंटिमेट वॉश, साबण, आतपर्यंत पाणी मारणे या सगळ्यांनी कोरडेपणा वाढतो. साधे पाणी पुरते. कमोडच्या जेटची धार मागून पुढे येऊ देऊ नये.

लघवी तुंबवणे टाळावे, हे सांगणे सोपे आहे. तुळशीबागेत किंवा लक्ष्मी रस्त्यावर खरेदीला गेलेल्या, अथवा गणपतीचे देखावे पाहायला रात्रभर पेठांतून फिरणाऱ्या बाईला स्वच्छतागृह सहजी सापडत नाही, म्हणून ती घरातून निघतानाच पाणी कमी पिते. निघण्यापूर्वी जाऊन यावे, वाटेतले एखादे बरे हॉटेल हेरून ठेवावे आणि पाणी तोडू नये. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी पाण्यावर मर्यादा घातलेली असेल तर तीच पाळावी. संबंधानंतर लघवी करून यावे. शिंकताना-खोकताना लघवी होते म्हणून पॅड वापरणाऱ्यांनी ओले पॅड दिवसभर ठेवू नये.

## टप्पा ९ : तीन महिन्यांनी आढावा, आणि तरीही त्रास राहिला तर

क्रीम नियमित लावूनही संसर्ग होत राहिला तर डॉक्टर मिथेनामाइन हिप्युरेटचा विचार करू शकतात. ते अँटिबायोटिक नाही. आम्लधर्मी लघवीत त्यातून जंतुनाशक द्रव्य सुटते, त्यामुळे त्यासोबत ते गुलाबी सिरप घेतले तर औषध वाया जाते. क्रॅनबेरीने काही स्त्रियांमध्ये संसर्गाचे प्रमाण कमी होते, मात्र गोड केलेला डबाबंद रस मधुमेहींनी घेऊ नये. डी-मॅनोजच्या महागड्या पुड्यांचा फायदा २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसला नाही. कमी मात्रेतले अँटिबायोटिक काही महिने रोज घेणे हा अगदी शेवटचा मार्ग आहे आणि तोही देखरेखीखालीच.

त्रास थांबला म्हणून क्रीम बंद करू नये. इस्ट्रोजेन शरीरात परत तयार होणार नसते, त्यामुळे बंद केल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कोरडेपणा परततो आणि त्यामागोमाग संसर्गही. किती काळ चालू ठेवायचे हे वर्षातून एकदा तपासणी करून डॉक्टरांसोबत ठरवावे. चिठ्ठी जुनी झाली म्हणून दुकानदार ट्यूब नाकारू शकतो, तेव्हा शेवटची ट्यूब अर्धी झाली की नवी चिठ्ठी घेऊन ठेवावी.